लहान मुलांचा ताप, विषाणू आणि दाह

(वार्षिक संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



निवृत्त शिक्षक व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो मुलांच्या संस्कारांविषयी किंवा मातृभाषेच्या दुरवस्थेविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. चिटणिसांचीही तीच होती. मी त्यांना विषय कळविला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "गुरुजी, हा विषय डॉक्टरांचा नव्हे का?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य; वैद्यकशास्त्रात मला अधिकार नाही, आणि आज येथे मी कोणास औषध सांगणार नाही. परंतु ज्या रोगात आईबापांनी पहिल्या आठवड्यात काय पाहिले आणि काय विचारले ह्यावर मुलाच्या हृदयाचे पुढले आयुष्य अवलंबून असते, तो रोग केवळ डॉक्टरांचा विषय राहत नाही. शिवाय ह्या भाषणाच्या शेवटी मला मंडळापुढे एक सूचना मांडावयाची आहे. ती सूचना पैशाची आहे, आणि पैशाच्या सूचनेमागे कारणे भक्कम असावी लागतात.

कावासाकी हे नाव आपल्या तरुणांस मोटारसायकलीमुळे परिचित आहे. ज्या रोगाविषयी मी बोलणार आहे त्याचा त्या कारखान्याशी संबंध नाही. टोमिसाकू कावासाकी हे जपानमधील एक बालरोगतज्ज्ञ होते. जन्म १९२५ चा. तोक्यो शहरातील रेडक्रॉसच्या रुग्णालयात ते काम करीत असत. १९६१ च्या जानेवारीत त्यांच्याकडे चार वर्षांचा एक मुलगा आला. ताप उतरत नव्हता, डोळे लाल झाले होते पण त्यांतून पू येत नव्हता, ओठ फुटून रक्ताळले होते, जीभ तांबडीलाल, अंगावर पुरळ, मानेत गाठ, हातापायांच्या तळव्यांना सूज. आणि काही दिवसांनी बोटांच्या टोकांपासून कातडीचे पापुद्रे सुटू लागले. पुस्तकांतील एकाही रोगाशी हे चित्र तंतोतंत जुळेना. मुलगा बरा होऊन घरी गेला. दुसरा एखादा डॉक्टर 'अज्ञात ज्वर' असे लिहून ते टिपण बाजूस सारता. कावासाकींनी तसे केले नाही. पुढील वर्षी दुसरे मूल आले, मग तिसरे. सात मुलांची हकीकत घेऊन ते १९६२ मध्ये तज्ज्ञांच्या सभेपुढे गेले, तेथे त्यांची फारशी दखल कोणी घेतली नाही. हे काही निराळे नसून जुन्याच रोगांचे रूप आहे, असे पुष्कळांचे मत पडले. त्यांनी आणखी पाच वर्षे टिपणे ठेविली आणि १९६७ मध्ये ५० मुलांचा सविस्तर वृत्तांत जपानी भाषेतील एका नियतकालिकात छापला. इंग्रजीत तो १९७४ साली आला. सुमारास हवाई बेटांवरील डॉक्टरांनाही स्वतंत्रपणे अशीच मुले आढळली होती.

ह्या ५० मुलांच्या वृत्तांताविषयी मला एक गोष्ट विशेष वाटते. त्यात यंत्र नाही, महागडी तपासणी नाही. आहे ते फक्त डोळ्यांनी पाहणे आणि पाहिलेले लिहून ठेवणे. आमच्या वेळच्या शाळांत निसर्गाभ्यासाच्या वहीत मुलांकडून जे करून घेतले जाई, तेच हे. ती वही आता शाळेतून गेली, असो.

आरंभी हा रोग आपोआप बरा होणारा म्हणून निरुपद्रवी मानला गेला. परंतु त्यातून उठलेली काही मुले अकस्मात दगावत आहेत असे दिसू लागले, आणि शवविच्छेदनात कारण सापडले. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या ज्या धमन्या, त्यांच्या भिंतींना दाह होऊन त्या ठिकठिकाणी फुग्यासारख्या फुगल्या होत्या आणि त्या फुगवट्यांत रक्त गोठले होते. १९७० साली जपानमध्ये देशव्यापी पाहणी झाली तेव्हा अशा मृत्यूंची नोंद होऊन सर्वांचे डोळे उघडले. हृदयविकार म्हणजे पन्नाशीचा रोग, असे आपण समजतो. तीन वर्षांच्या बालकास तो होऊ शकतो, ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

येथे दाह ह्या शब्दाचा थोडा खुलासा केला पाहिजे. काटा रुतला की ती जागा लाल होते, तापते, सुजते आणि ठणकते. हा दाह होय. तो शरीराचा शत्रू नसून शरीराने शत्रूवर केलेली चाल आहे. रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावतात, काही रासायनिक द्रव्ये सोडतात, आणखी पेशींना बोलावितात. काम संपले की हा जमाव पांगावयास हवा. परंतु काही मुलांत तो पांगत नाही, आणि एका जागी न राहता सर्व शरीरभर रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर तुटून पडतो. प्रश्न असा की, ह्या जमावाला प्रथम हाक कोणी दिली?

संशय पहिल्यापासून एखाद्या जंतूवर किंवा विषाणूवर आहे. रोग बहुधा पाच वर्षांखालील मुलांना होतो. अगदी तान्ह्या बाळांना क्वचित आणि मोठ्या माणसांना जवळजवळ नाहीच. एकदा झाला की बहुतेकांना पुन्हा होत नाही. जपानमध्ये १९७९, १९८२ आणि १९८६ ह्या वर्षी त्याच्या साथी आल्या. ही सर्व लक्षणे संसर्गाची आहेत. आणि तरीही साठ वर्षांत कोणासही तो जंतू पकडता आलेला नाही. सतरंज्या धुण्याच्या रसायनापासून घरातील सूक्ष्म कीटकांपर्यंत सर्वांवर आळ घेऊन झाला. २०११ साली काही संशोधकांनी मध्य आशियावरून जपानकडे वाहणाऱ्या उंच वाऱ्यांशी रोगाच्या चढउताराचा मेळ बसवून दाखविला. म्हणजे कारण वाऱ्याबरोबर येत असावे. २००५ मध्ये अमेरिकेतील एका गटाने तर करोना कुळातील एका विषाणूचे नाव घेतले होते, परंतु इतर प्रयोगशाळांना तो पुरावा मिळाला नाही आणि गोष्ट तेथेच थांबली. ह्या शेवटच्या वाक्याची आठवण ठेवा.

दुसरीकडे वंशपरंपरेचाही हात आहे. जपानमध्ये पाच वर्षांखालील दर लाख मुलांमागे वर्षाला तीनशेहून अधिक मुलांना हा रोग होतो. युरोप-अमेरिकेत ते प्रमाण पुष्कळच कमी आहे. अमेरिकेत जन्मलेल्या जपानी वंशाच्या मुलांतही तो अधिक आढळतो. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी पेशींच्या क्षोभाला आवर घालणारे एक जनुक शोधले, ज्याचे विशिष्ट रूप असलेल्या मुलांना धोका वाढतो. तात्पर्य असे की, ठिणगी बाहेरून येते, परंतु गवत वाळलेले असले तरच ते पेटते.

आता २०२० सालाकडे येऊ. त्या वर्षीचा उन्हाळा आपणांपैकी कोणी विसरलेला नाही. त्या वेळी सर्वत्र एक समाधान सांगितले जात होते की, करोनाचा हा विषाणू वृद्धांना मारतो पण मुलांना सोडतो. एप्रिलच्या मध्यावर लंडनमधील एका बालरुग्णालयात दहा दिवसांत आठ मुले आली. ताप, पुरळ, लाल डोळे, पोटात तीव्र वेदना, आणि रक्तदाब कोसळलेला. पहिल्याने पुष्कळांस हे पोटाचे दुखणे वाटले. त्याच सुमारास इटलीतील बेर्गामो ह्या गावी, जेथे साथीने हाहाकार उडविला होता, डॉक्टरांनी आपली दप्तरे तपासली. मागील पाच वर्षांत त्यांच्याकडे कावासाकी रोगासारखी १९ मुले आली होती. आणि आता फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच १० आली. हिशेब केला तेव्हा प्रमाण तीसपट निघाले. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने ह्या रोगाला स्वतंत्र नाव दिले; आपण त्यास मुलांमधील बहुअवयवी दाह म्हणू. आपल्या मुंबईतही २०२० च्या पावसाळ्यात अशी मुले दाखल झाली, आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रातील अनेक शहरांतील बालरोगतज्ज्ञांनी ती पाहिली.

ह्यात चमत्कारिक गोष्ट अशी की, ही मुले आजारी पडली ती विषाणू अंगात शिरला तेव्हा नव्हे, तर त्यानंतर दोन ते सहा आठवड्यांनी. पुष्कळांना मूळ संसर्ग झाल्याचे घरच्यांना कळलेही नव्हते. नाकातील विषाणू नाहीसा झालेला, रक्तात त्याविरुद्धची प्रतिद्रव्ये तयार. म्हणजे लढाई जिंकलेली, आणि मग हा अनर्थ. कावासाकी रोगाशी त्याचे साम्य पुष्कळ, परंतु दोन्ही एक नव्हेत. ही मुले वयाने मोठी, आठनऊ वर्षांच्या आसपासची. आणि त्यांच्यात धमन्यांपेक्षा हृदयाचा स्नायूच अधिक दुबळा होई. योग्य उपचाराने बहुतेकांचे हृदय पूर्ववत झाले. संसर्ग झालेल्या काही हजार मुलांत एखाद्यालाच हे होई आणि २०२२ नंतर ते फारच विरळ झाले, ही सुदैवाची गोष्ट.

ह्या साथीने संशोधकांच्या हाती जे आजवर कधी आले नव्हते ते आले: दाह पेटविणारा विषाणू कोणता हे नक्की ठाऊक असलेला रोग. गेल्या चारपाच वर्षांत त्याचे जे धागे उलगडले ते विस्मयकारक आहेत. २०२१ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांना असे दिसले की, विषाणू नाकातून गेला तरी काही मुलांच्या आतड्यात आठवडेच्या आठवडे टिकून राहतो. आतड्याच्या अस्तराचे सांधे सैल होऊन त्याचे कण रक्तात झिरपतात. दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटाने पाचशेहून अधिक आजारी मुलांची जनुके वाचली आणि त्यांतील ५ मुलांत, आत शिरलेल्या विषाणूच्या खुणा ओळखून प्रतिसादाला लगाम घालणारी यंत्रणाच जन्मतः सदोष असल्याचे दाखविले. शंभरांत एक म्हणजे फार नव्हे. परंतु वाळलेले गवत कसे असते हे त्यामुळे प्रथमच प्रत्यक्ष दिसले.

२०२४ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेले संशोधन मला शिक्षक ह्या नात्याने फार भावले. वर्गात एकाच नावाचे दोन विद्यार्थी असले म्हणजे काय घोटाळा होतो, हे ज्याने हजेरीपट सांभाळला आहे त्यालाच ठाऊक. खोडी एकाने काढावी आणि छडी दुसऱ्याने खावी! तसेच येथे घडते. विषाणूच्या एका प्रथिनाचा लहानसा तुकडा आपल्याच शरीरातील एसएनएक्स-८ नावाच्या प्रथिनाच्या तुकड्यासारखा असतो. मुलाची प्रतिकारशक्ती विषाणूचा तो तुकडा ओळखावयास शिकते आणि मग तशाच दिसणाऱ्या आपल्या प्रथिनावर चालून जाते. आजारी मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांत ह्या घोटाळ्याची खूण, म्हणजे स्वतःविरुद्धची प्रतिद्रव्ये, सापडली. उरलेल्या दोन तृतीयांशांचे काय? २०२५ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील संशोधकांनी आणखी एक दार उघडले. बहुतेक माणसांच्या अंगात बालपणी शिरून जन्मभर निजून राहणारा एक विषाणू आहे. १९६४ साली ज्यांनी तो शोधला त्या एपस्टाइन आणि बार ह्यांच्या नावाने तो ओळखला जातो. ह्या आजारी मुलांत प्रतिकारशक्तीला मंदावणारे एक द्रव्य भरमसाट वाढलेले आढळले. त्यामुळे पहारा ढिला पडून तो निजलेला विषाणू जागा होतो आणि दाहाचा भडका उडतो, असे त्यांचे म्हणणे आहे. हे धागे अद्याप एका दोरात वळले गेलेले नाहीत, आणि कावासाकी रोगाचा मूळ जंतू आजही अज्ञातच आहे. मात्र साथीच्या वर्षात, मुले घरात कोंडलेली आणि तोंडे झाकलेली असताना, जपानमध्ये कावासाकी रोग सुमारे एक तृतीयांशाने घटला. श्वासावाटे पसरणाऱ्या कशाचा तरी त्यात हात असावा, ह्याला ह्याहून मोठा पुरावा आजवर कोणी योजूनही मिळविता आला नसता. डॉक्टर कावासाकी ५ जून २०२० रोजी पंचाण्णवाव्या वर्षी वारले. त्या महिन्यात त्यांचे नाव जगातील प्रत्येक वर्तमानपत्रात होते.

कारण कळले नाही तरी उपाय सापडला, हे ह्या रोगाचे दुसरे वैशिष्ट्य. १९८४ मध्ये जपानच्या फुरुशो ह्यांनी आणि १९८६ मध्ये अमेरिकेच्या न्यूबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे निरोगी माणसांच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिद्रव्ये, शिरेतून दिली असता धमन्या फुगण्याचे प्रमाण झपाट्याने उतरते. उपचाराविना शंभरांत पंचवीस मुलांच्या धमन्या फुगत. उपचाराने ते प्रमाण पाचाच्या आसपास आले. हे द्रव्य कारखान्यात घडविता येत नाही. हजाराहून अधिक दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून ते काढावे लागते. आपण दरवर्षी रक्तदान शिबिर भरवितो तेव्हा काही तरुण विचारतात की, आमच्या बाटलीचे पुढे काय होते. रक्तद्रवापासून असेही औषध होते, हे त्यांना सांगावे.

परंतु ह्या उपायाला घड्याळ बांधलेले आहे. ताप आल्यापासून दहा दिवसांच्या आत, आणि शक्य तर सात दिवसांतच ते द्यावे लागते. मात्रा मुलाच्या वजनाच्या दर किलोस दोन ग्रॅम. बारा किलोचे मूल धरा; चोवीस ग्रॅम झाले. पाच ग्रॅमच्या बाटल्या मिळतात, म्हणजे पाच बाटल्या, आणि त्यांची किंमत ऐकून सामान्य नोकरदाराला घरातील दागिना आठवतो.

माझ्या मामेभावाचा नातू तीन वर्षांचा असताना हे सर्व मी जवळून पाहिले. गावातील एका दवाखान्यात त्याच्या तापावर आठ दिवसांत दोन निरनिराळी प्रतिजैविके देऊन झाली. पुरळ उन्हाळ्याचे आहे असे सांगण्यात आले. नवव्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी, जो आता बालरोगतज्ज्ञ आहे, सहज भेटावयास आला. त्याने मुलाच्या डाव्या दंडावरील बीसीजी लशीचा व्रण पाहिला. तीन वर्षांपूर्वीचा तो व्रण लालभडक होऊन फुलला होता. आपल्याकडे जन्मतःच ही लस टोचतात, म्हणून ही खूण आपल्या मुलांत पाहावयास मिळते. युरोप-अमेरिकेतील पुष्कळ डॉक्टरांना ती मिळतच नाही. त्याच रात्री मुलास शहरात नेले. औषध लिहून दिले गेले, पैसे गोळा होण्यास दीड दिवस गेला, आणि पहिली बाटली लागली ती अकराव्या दिवशी दुपारी. ताप उतरला. हृदयाच्या चित्रात डाव्या धमनीवर लहानसा फुगवटा दिसला, तो अजून आहे. मुलगा शाळेत जातो, पळतो, भांडतो. परंतु रोज अल्प मात्रेत अॅस्पिरिन घेतो आणि ठराविक महिन्यांनी तपासणीस जातो. असे लहान फुगवटे वर्षा-दोन वर्षांत पुष्कळदा मावळतात, ह्या आशेवर त्याची आई दिवस काढते आहे.

त्या आईला मी दोन गोष्टी लिहून दिल्या आहेत, त्या येथेही सांगतो, कारण घाईत डॉक्टर सांगतात आणि घाईत आपण विसरतो. इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर गोवराची आणि कांजिण्यांची लस अकरा महिने लांबवितात, कारण दात्यांची प्रतिद्रव्ये त्या लशीला निष्फळ करतात. आणि अॅस्पिरिन चालू असलेल्या मुलास फ्ल्यू किंवा कांजिण्या झाल्या, किंवा घरात कोणास झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. ह्या दोहोंच्या संयोगाने यकृत आणि मेंदू ह्यांस घातक असा विकार क्वचित होतो.

ह्या रोगाची मुले आपल्याकडे नाहीत असे पूर्वी समजत. चंडीगढच्या वैद्यकीय संस्थेतील डॉक्टरांनी तीन दशके चिकाटीने नोंदी ठेवून ती समजूत खोडून काढली. मुले होती, ओळखणारे नव्हते. म्हणून माताभगिनींना माझी विनंती एवढीच: पाच दिवस ताप हटला नाही आणि त्यासोबत डोळे, ओठ, तळवे, पुरळ, मानेची गाठ किंवा दंडावरचा व्रण ह्यांपैकी काही दिसले, तर 'हे कावासाकी तर नव्हे ना?' असे डॉक्टरांस स्पष्ट विचारावे. लक्षणे एकदम दिसतीलच असे नाही; सोमवारी आलेले पुरळ गुरुवारी गेलेले असते. तारीख घालून वहीत लिहून ठेवावे, मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. विचारण्यात डॉक्टरांचा अवमान होत नाही. आणि एखाद्यास तो वाटलाच तर वाटू द्यावा.

आता माझी सूचना. आपल्या वैद्यकीय मदत निधीच्या नियमाप्रमाणे अर्ज महिन्याच्या सभेपुढे येतो, तोही बिले जोडून. माझ्या भावाचा अर्ज सभेपुढे आला तेव्हा मुलगा रुग्णालयातून घरी येऊन सतरा दिवस झाले होते. मंडळाने पूर्ण रक्कम मंजूर केली, त्याबद्दल कुटुंब ऋणी आहे. चिटणिसांनी नियमाबाहेर जाऊन काही करावे असेही माझे म्हणणे नव्हते. परंतु दहा दिवसांच्या रोगाला तीस दिवसांचा नियम कसा पुरणार? शस्त्रक्रिया आठवडाभर पुढे ढकलता येते, शिष्यवृत्ती महिनाभर. पाच बाटल्या ढकलता येत नाहीत. काही सभासदांची शंका मी ऐकली आहे की, तपासणीशिवाय पैसे दिले तर गैरवापर होईल. ती शंका खोटी नाही. म्हणून मी असे सुचवितो की, निधीतून एक ठराविक रक्कम निराळी काढून ठेवावी. बारा वर्षांखालील मुलासाठी सरकारी किंवा मान्य रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञाची सही असलेली चिठ्ठी आली, तर अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार ह्या तिघांपैकी कोणाही दोघांनी चोवीस तासांत, कुटुंबाच्या हाती न देता, परस्पर रुग्णालयाच्या किंवा औषधविक्रेत्याच्या खात्यावर पैसे भरावेत, आणि मागाहून महिन्याच्या सभेत हिशेब ठेवावा. रक्कम परत करण्याची ऐपत असलेल्यांनी सवडीने हप्त्याने परत करावी, म्हणजे निधी आटणार नाही.

ठरावाचा मसुदा मी लिहून चिटणिसांच्या स्वाधीन केला आहे. दुपारच्या सर्वसाधारण सभेत तो सातव्या क्रमांकावर आहे. महिला शाखेने अनुमोदन देण्याचे कबूल केले आहे. भोजनानंतर सभागृह रिकामे होते असा दरवर्षीचा अनुभव, आणि घटनेप्रमाणे नियम बदलण्यास दोन तृतीयांश मते लागतात. तरी सभासदांनी सातवा विषय होईपर्यंत कृपया थांबावे.